सुट्टीत हरवलेला फोन आणि ‘संचार साथी’: ब्लॉक चोख, परतीचा भरवसा पोलीस ठाण्यावर

कळंगुटच्या शॅकमध्ये टेबलावर, मडगाव स्टेशनच्या बाकावर, नाहीतर पणजीच्या कदंब बसच्या सीटवर फोन राहिला, की हल्ली कुणीतरी हमखास सांगतं, “संचार साथीवर टाक, मिळेल.” सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. दूरसंचार विभागाची ही सेवा नेमकं काय करते, कुठे अडते आणि परगावी असताना तिच्यापर्यंत कोणत्या क्रमाने पोहोचायचं, हे आधी माहीत असलेलं बरं.

संचार साथीच्या पोटात चालतं ते सीईआयआर, म्हणजे देशातल्या हँडसेट्सच्या आयएमईआय क्रमांकांचं (प्रत्येक हँडसेटच्या स्वतंत्र ओळख क्रमांकांचं) रजिस्टर. ते सी-डॉट या दूरसंचार विभागाच्या संशोधन संस्थेने बांधलं. सप्टेंबर २०१९मध्ये महाराष्ट्रात त्याची सुरुवात झाली आणि मे २०२३मध्ये ते देशभर खुलं झालं. तुम्ही आयएमईआय नोंदवला की चोवीस तासांच्या आत तो फोन भारतातल्या सगळ्या मोबाइल नेटवर्कवर बंद पडतो. त्यानंतर त्यात कुणी कुठलंही सिम घातलं, तर त्याची माहिती पोलिसांकडे जाते. पैसे लागत नाहीत. अॅपही लागत नाही. संचारसाथी डॉट गव्ह डॉट इन या साइटवर सगळं होतं. (हे अॅप नव्या फोनमध्ये आधीच टाकून देण्याचा आदेश नोव्हेंबर २०२५मध्ये निघाला, गदारोळ झाला आणि काही दिवसांत मागे घेतला गेला. तक्रार नोंदवण्यावर त्याचा काही परिणाम नाही.)

पहिली गफलत होते ती इथेच. हा ब्लॉक फक्त मोबाइल नेटवर्कपुरता असतो. वायफायवर तोच फोन मजेत चालतो. आतला डेटा हा ब्लॉक पुसत नाही, स्क्रीनलॉकही लावत नाही. त्यासाठी गूगलचं फाइंड हब किंवा अॅपलचं फाइंड माय वापरावं लागतं, आणि ते ब्लॉकच्या आधी.

म्हणून क्रम महत्त्वाचा. फोन टॅक्सीत किंवा हॉटेलात राहिला असेल, तर आधी दुसऱ्या फोनवरून रिंग द्या, फाइंड हब किंवा फाइंड मायमधून लॉस्ट मोड (फोन हरवल्याची खूण, जी तो लॉक करते) लावा, स्क्रीनवर सोबत्याचा नंबर आणि दोन ओळींचा निरोप ठेवा आणि अर्धा तास थांबा. सिम चालू आहे तोवर फोनला इंटरनेट आहे, म्हणजे नकाशावर ताजी जागा दिसते. सिम बंद केलं की ही सोय बरीचशी जाते. पण फोन खेचून नेला असेल, तर उलट करा: सिम लगेच बंद, मग बँकेला फोन करून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा. चोराला तुमचं स्क्रीनलॉक उघडायची गरजच नसते. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी त्याच्याकडे. सिमला स्वतःचा पिन लावलेला असेल, तर ही वाट बंद होते. पण तो लावणारे विरळाच. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लॉगिनचीही एक मेख आहे. गूगल खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असते आणि तिचा कोड येतो हरवलेल्याच फोनवर. यावर उपाय निघण्याआधीच करायचा: गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येकी आठ अंकी. ते कागदावर उतरवून पाकिटात ठेवायचे. आयफोनवाल्यांचं सोपं आहे. आयक्लाउडच्या साइटवर फाइंड माय उघडायला फक्त आयडी आणि पासवर्ड पुरतो.

आता अर्जाकडे. साइटवर हरवलेला फोन ब्लॉक करा, सापडलेला अनब्लॉक करा आणि अर्जाची स्थिती पाहा, असे तीन पर्याय आहेत. पहिल्यात लागतं ते असं: फोनमधले मोबाइल नंबर, आयएमईआय, कंपनी आणि मॉडेल, खरेदीचं बिल, हरवल्याची जागा आणि तारीख, राज्य-जिल्हा-पोलीस ठाणे, तक्रारीचा क्रमांक आणि तिची प्रत, मालकाचं ओळखपत्र, शेवटी ओटीपी. दोन सिमच्या फोनला पंधरा-पंधरा अंकी दोन आयएमईआय असतात; दोन्ही भरा. आयएमईआय छापलेला खोका घरी असेल तरी अडत नाही. ऑनलाइन घेतलेल्या फोनचं बिल ऑर्डरच्या इतिहासात असतं, बऱ्याचदा त्यावरच आयएमईआय छापलेला असतो. नाहीतर फाइंड हबच्या साइटवर फोनच्या नावाशेजारच्या माहितीच्या चिन्हात किंवा अॅपल खात्याच्या डिव्हाइस यादीत तो दिसतो. दुकानातून रोखीने, कच्च्या पावतीवर फोन घेतला असेल, तर मात्र दुकानदाराच्या मागे लागून पक्कं बिल मिळवावं लागतं.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते ओटीपीपाशी. त्यासाठी आधी हरवलेल्या नंबरचं डुप्लिकेट सिम घ्यायचं, आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला चोवीस तास जातात. सिम हातात आलं, रेंज आली, कॉल लागतो, तरी ओटीपी येत नाही म्हणून माणूस साइटला शिव्या घालतो. दोष साइटचा नाही. सिम-स्वॅपची फसवणूक (दुसऱ्याच्या नंबरचं नवं सिम काढून ओटीपी मिळवणं) रोखण्यासाठी ठेवलेला हा नियम आहे. तीन दिवसांच्या सहलीत त्यातला एक दिवस असाच जातो. म्हणून सिमचं काम पहिल्याच दिवशी उरकून टाका.

दुसरी अडचण तक्रारीची. ठाणे अंमलदार विचारतो, “हरवला की चोरला?” या उत्तरावर पुढची बरीच कटकट ठरते. हरवला असेल, तर गहाळ म्हणून नोंद होते आणि पोहोच मिळते. फोन सापडला की ओळखपत्र, बिल आणि पोहोच दाखवून, सही करून तो घेता येतो. चोरीचा गुन्हा दाखल झाला, तर फोन हा मुद्देमाल होतो आणि तो न्यायालयाच्या आदेशाने, सुपूर्तनाम्यावर (मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर) परत मिळतो. याचा अर्थ चोरीला ‘गहाळ’ म्हणा असा नाही. खेचून नेलेल्या फोनचा गुन्हा नोंदवायलाच हवा, आणि १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या नव्या कायद्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. पुढे तो घटनेच्या हद्दीत जातो. पण जे खरोखर विसरलंय, त्याला उगाच चोरी म्हणू नका. मुंबईत हरवलं असेल, तर मुंबई पोलिसांच्या साइटवर हरवल्याची नोंद घरबसल्या होते.

आणि परत मिळण्याचं काय? इथे सेवेचा हात संपतो आणि ठाण्याचा सुरू होतो. कुणी सिम घातलं की पोलिसांना त्या सिमधारकाचा पत्ता लागतो. ठाण्यात हे काम नेटाने करणारा एखादा अंमलदार असेल, तर तो त्या माणसाला फोन करतो. बऱ्याचदा समोरच्याने फोन सेकंडहँड घेतलेला असतो, तो घाबरतो आणि कुरिअरने पाठवून देतो. कुणी पाठपुरावाच करत नसेल, तर ती माहिती नुसती पडून राहते. अर्ज केल्यावर मिळालेला रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी स्थिती पाहा आणि काही हालचाल दिसली, तर तो क्रमांक घेऊन ठाण्याला आठवण करा. फोन सुटा करून पार्ट म्हणून विकला गेला किंवा देशाबाहेर गेला, तर मात्र रजिस्टर काही करू शकत नाही.

रेल्वेत फोन गेला असेल, तर वाट थोडी सोपी झाली आहे. १३९ या रेल्वे हेल्पलाइनवर किंवा रेल मदत या रेल्वेच्या तक्रार साइटवर गाडी क्रमांक, डबा आणि बर्थ सांगून तक्रार करा. २०२५पासून रेल्वे सुरक्षा दलही सीईआयआर वापरतं: गुन्हा नोंदवायचा नसेल, तर त्यांच्याकडून फोन ब्लॉक होतो आणि नवं सिम दिसलं की वापरणाऱ्याला जवळच्या आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) चौकीत फोन जमा करायला सांगितलं जातं. बॅग, कॅमेरा, चष्मा अशा वस्तूंसाठी त्यांचं ‘ऑपरेशन अमानत’ आहे. जानेवारी २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्यातून १.१५ लाखांहून अधिक लोकांना ८४.०३ कोटी रुपयांचं सामान परत गेलं. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये राहिलेल्या वस्तूंची यादी सीआयएसएफच्या (विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय दलाच्या) साइटवर विमानतळाप्रमाणे मिळते. विमानात राहिलेली वस्तू मात्र विमान कंपनीकडे विचारा.

गुण द्यायचेच तर ब्लॉक करण्याला पाचपैकी साडेचार, अर्जाच्या सुटसुटीतपणाला तीन, परत मिळवून देण्याला अडीच, आणि तेही ठाणं चांगलं असेल तर.

एक सापळा सांगायलाच हवा. लॉस्ट मोडमध्ये दिलेल्या नंबरवर काही दिवसांनी “तुमचा फोन सापडला, जागा पाहण्यासाठी इथे क्लिक करा” असा मेसेज येतो. पान अगदी अॅपलसारखं दिसतं. तिथे पासवर्ड टाकला की चोर फोन तुमच्या खात्यातून काढून टाकतो आणि मग तो विकायला मोकळा. मेसेजमधल्या दुव्यावर जाऊ नका. साइट स्वतः टाइप करून उघडा. तसंच, चोरीला गेलेला आयफोन फाइंड मायच्या यादीतून स्वतः काढू नका. ‘इरेज’ केलं तरी चालेल, ‘रिमूव्ह’ नको.

आणि फोन हातात आला तरी काम उरतंच. तो अजून ब्लॉकच असतो. लोक सिम घालतात, रेंज येत नाही, आणि थेट दुरुस्तीच्या दुकानात जातात. आधी साइटवर तोच रिक्वेस्ट आयडी आणि ओटीपी टाकून अनब्लॉकचा अर्ज करा. मध्यंतरी काम चालवायला जुना फोन विकत घेणार असाल, तर दुकानातच *#०६# दाबून आयएमईआय काढा आणि इंग्रजीत के, वाय, एम ही अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं, तर फोन तिथेच ठेवून बाहेर पडा.