ब्लूम्सबरीतील जॉर्जियन घरांचे विद्यार्थी वसतिगृह: राहून पाहिल्यावर

लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील ज्या वसतिगृहात मी वर्षभर राहिलो, ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज नावाच्या राजांच्या ‘जॉर्जियन’ काळात, सामाईक भिंतींनी जोडून बांधलेल्या पाच घरांचे मिळून केलेले आहे. रस्त्यावरून ही पाच घरे आहेत हे केवळ दारे मोजल्यावर कळते, कारण विटांची भिंत आणि काळे लोखंडी कठडे सलग धावतात. १७७४ च्या इमारत कायद्याने आगीच्या भीतीपोटी खिडक्यांच्या लाकडी चौकटी विटांच्या आड घ्यायला लावल्या. त्यामुळे बाहेरून लाकडाची जेमतेम बोटभर कड दिसते आणि साध्या भिंतीलाही रेखीवपणा येतो.

हा दर्शनी भाग, दारावरची पंख्याच्या आकाराची काच आणि एका बाजूने भिंतीत रोवलेल्या, दुसरीकडून अधांतरी वाटणाऱ्या दगडी पायऱ्या यांची निगा उत्तम राखली आहे. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्या न बदलता आतून काचेचा दुसरा पडदा बसवला आहे, हेही योग्यच. फक्त बाजूच्या लाकडी झडपा रंगाने कायमच्या चिकटून बसल्या आहेत.

खरी तक्रार पहिल्या मजल्याबद्दल आहे. जॉर्जियन घरात हा मजला पाहुण्यांचा, म्हणून सर्वांत उंच खिडक्या आणि सर्वांत उंच छत येथेच. त्या दिवाणखान्यात प्लास्टरबोर्डची भिंत घालून दोन खोल्या पाडल्या आहेत. माझ्या खोलीत छताच्या कडेने फिरणारी पानाफुलांची नक्षी त्या भिंतीशी येऊन मध्येच तुटते, आणि छतावरचे गिलाव्याचे फूल अर्धे माझ्याकडे, अर्धे शेजाऱ्याकडे (त्याचा पहाटेचा गजर मात्र पूर्णपणे माझ्याकडे). खोली रुंदीपेक्षा उंच झाल्याने विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे वाटते आणि हिवाळ्यात ऊब छतालाच लागून राहते.

दुसऱ्या सत्रात मी सर्वांत वरच्या मजल्यावर गेलो. पूर्वी नोकरांसाठी असलेली ही खोली मुळातच लहान, ठेंगणी, एका खाटेच्या मापाची. तिला कोणी कापलेले नाही, म्हणून तिचे प्रमाण आजही शाबूत आहे. निवडीची संधी मिळाल्यास हीच खोली घ्यावी. मात्र लिफ्ट नाही आणि शेवटचा जिना दगडी नसून अरुंद लाकडी आहे, तेव्हा सामान बेताचेच आणावे.