मरून चालसे, बेन?

बडोद्यात रावपुऱ्यातून दांडिया बाजाराकडे येताना एका बोळात जर्सीवाले आहेत. त्यांची पाटी शेजारच्या पडदेवाल्याने अर्धी झाकलीय. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही करायची आहे आणि शेठशी मला बिघडवायचं नाही.

पोलो ग्राउंडवर दर रविवारी सकाळी मी मुलांना फ्लॅग फुटबॉल शिकवते. शिकवते म्हणजे काय, भाच्याने पेनसिल्व्हेनियाहून आणलेला लांबोडा चेंडू आणि माझा शाळा-कॉलेजातला खो-खो यांची भेळ आहे ती. अमेरिकन फुटबॉलचाच हा सौम्य प्रकार, यात अंगावर आदळायचं नसतं. समोरच्याच्या कमरपट्ट्याची फीत ओढली की त्याची धाव तिथेच संपली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे हे कळल्यावर पालकांनी वर्गणी काढली, आणि चौदा जर्सींची ऑर्डर घेऊन मी या बोळात शिरले.

कापड डॉट निट, गोल गळा, पाठीवर नंबर, एका जर्सीचे 280 रुपये. घासाघीस केली, दहा रुपये सुटले. शेठचं खरं कसब मापात. टेप गळ्यात असते ती नुसती शोभेला. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला की ‘बत्रीस’ म्हणून मोकळे. चौदांपैकी तेरा बरोबर बसल्या. चौदावा मुलगा दिवाळीत मामाकडे जाऊन आला, त्यात शेठचा दोष नाही.

रंग मी नेव्ही ब्लू सांगितला होता. वर म्हटलं होतं, नसेल तर कुठलाही द्या, पण चौदाही एकसारख्या हव्यात. चार दिवसांनी फोन आला, “बेन, नेवी ब्लू तो नथी. मरून चालसे?”

मी इतकी हसले की शेठना वाटलं ऑर्डर गेली.

गेल्या वर्षी भाचा मला पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सविलला घेऊन गेला होता. तो गेला 1829 सालची यूंगलिंगची ब्रुअरी बघायला, मी गेले गाडीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून. कोळशाच्या खाणींचं गाव. तिथे 1925 साली पॉट्सविल मरून्स नावाची टीम एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, पहिल्यांदाच उतरली. नावाची गोष्ट अशी सांगतात की गावातल्या खेळसाहित्याच्या दुकानदाराकडे, जो झॅकोकडे, जर्सींची ऑर्डर गेली. रंगाची अट नव्हती. फिलाडेल्फियाहून आल्या त्या निघाल्या मरून.

हे सगळं मी नंबर चिकटवायला गेले त्या दिवशी दुकानात सांगितलं. हीट प्रेसवरचा कारागीरही हात थांबवून ऐकायला लागला (हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे येणार आहे). शेठचा पहिला प्रश्न, “झॅकोने पैसा मळ्या के नहीं?” ते मला माहीत नव्हतं.

बाकीचं सांगितलं. टीमचे मालक स्ट्रीगल हे डॉक्टर. टोनी लॅटोन हा खाणीत काम करून आलेला गडी, त्याला अडवणं म्हणजे कोळशाची वाघीण अडवणं. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सनी त्यांना 20–0 ने धुतलं, तर मरून्सनी घरच्या मैदानावर 49–0 ने परतफेड केली. 6 डिसेंबरला शिकागोत जाऊन कार्डिनल्सना 21–7 हरवलं आणि गावाने धरलं, आपणच विजेते. मग सहाच दिवसांनी फिलाडेल्फियात नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंशी प्रदर्शनी सामना. तेव्हा कॉलेजचा फुटबॉल थोर आणि पैसे घेऊन खेळणारे दुय्यम अशी समजूत होती. तिथे चार्ली बेरीच्या किकवर हे 9–7 ने जिंकले. पण लीगच्या वाटणीत ते शहर फ्रँकफर्डच्या हद्दीत. त्यांनी तक्रार केली, लीगचे अध्यक्ष जो कार यांनी आधी ताकीद दिलेलीच होती. टीम निलंबित, विजेतेपद कार्डिनल्सच्या नावावर.

“हद बीजानी हती तो रमवा केम गया?” शेठ म्हणाले. हद्द दुसऱ्याची होती तर खेळायला गेलेच कशाला? व्यापारी माणूस, पटकन मुद्द्यावर येतो. मी मरून्सची बाजू घ्यायला लागले. कार्डिनल्सनी मरून्सकडून हरल्यावर घाईघाईने दोन सामने उरकले, त्यातल्या एकात मिलवॉकीकडून चार शाळकरी पोरं खेळवली गेली होती, कार्डिनल्सच्या मालकानेच तेव्हा विजेतेपद घेतलं नाही, वगैरे. शेठना ते फारसं पटलं नाही. मात्र झॅकोने पुढे कित्येक वर्षं ते विजेतेपद परत मिळावं म्हणून खटपट केली, हे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला. 2003 मध्ये लीगच्या मालकांनी 30 विरुद्ध 2 मतांनी विषय बंद ठेवला, हे चहा संपल्यावर सांगितलं.

आता तक्रार. गडद कापडावर सबलिमेशन, म्हणजे उष्णतेने कापडात रंग मुरवायची छपाई, उठत नाही, म्हणून विनाईलचे (प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे) आकडे चिकटवावे लागतात. तिसऱ्या धुण्यात 11 मधला एक सुटला आणि पोरगा अर्धा सामना 1 नंबर म्हणून खेळला. आणखी पाच जर्सींचे कोपरे उचलले. शेठनी स्वतःच कबूल केलं, त्या दिवशी गोष्टीच्या नादात प्रेस नीट दाबली गेली नव्हती. फुकट पुन्हा दाबून दिलं. दोन परत सुटले.

कमरपट्टे त्यांच्याकडून अजिबात घेऊ नका. वेल्क्रो इतकं चिवट लावलंय की फीत ओढली तर फितीबरोबर मूलही येतं. मी घरी बसून प्रत्येक पट्टीचं निम्मं वेल्क्रो उसवलं. त्याचे 40 रुपये वेगळे लावले होते, ते मात्र परत दिले नाहीत.

कापडाचा रंग पाच महिन्यांत जरासुद्धा गेला नाही. गुरुवारचा वायदा शनिवारी संध्याकाळी पुरा होतो, तेवढं धरून चाला, आणि आकडे शिवूनच मागा. नंबरामागे 25 रुपये जास्त पडतात. सुटलेले दोन्ही त्यांनी पांढऱ्या कापडाचे आकडे कापून मशिनवर शिवून दिले, पैसे न घेता. त्या वेळी मी कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसून होते. कारागिराने एकदा विचारलं, त्या खाणवाल्याचं पुढे काय झालं. शेठ म्हणाले, आधी टाका पुरा कर.