सरकारी हत्तीरोग क्लिनिक, नांदेड जिल्हा : आईच्या पायाचा अनुभव

आईच्या पायाबद्दल अन् ह्या क्लिनिकबद्दल बरेच जण विचारायलेत म्हणून लिहायलो. आईचा डावा पाय १२ वर्षांपासून सुजलेला, दर पावसाळ्यात दोन-तीनदा हुडहुडी भरून ताप, जांघेत अवधान (गाठ सुजणं), पाय लालबुंद, हात लावू द्यायची नाही. प्रायव्हेटला दरवेळी सलाईन, इंजेक्शन, बिल भरा अन् घरी जा. पाय कसा धुवायचा हे एकानंही सांगितलं नाही, याचा राग अजून जात नाही.

तालुक्याच्या सरकारी क्लिनिकमधल्या ताईंनी आईला खुर्चीवर बसवलं, टबात पाय ठेवला अन् स्वतःच्या हातानं धुवून दाखवला. साधं पाणी, साधा साबण, बोटांच्या बेचक्यात हळूच, मग मऊ फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही. करंगळीच्या बेचक्यात बारीक चीर निघाली, घरात कुणालाच दिसली नव्हती. ताई म्हणल्या, "मावशी, ताप हितून येतो."

मला ते पटेना, रोग तर जंताचा ना? मग डॉक्टरांनी नीट समजावलं. क्युलेक्स डासातून आलेले जंत लसिकावाहिन्यांत (अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) ६-८ वर्षं राहतात अन् आपली प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, म्हणून कितीतरी वर्षं काही कळतच नाही. जंत मेला की पांढऱ्या पेशी तिथं धावून जातात, सूज येते, अन् हळूहळू वाहिन्या निकामी होतात. अन् ताप येतो तो वेगळ्या जंतूंमुळं, म्हणजे बॅक्टेरियामुळं. असल्या चिरेतून त्वचेत जंतू शिरला की काही पेशी त्याचा नमुना घेऊन ह्याच वाहिन्यांतून जांघेतल्या गाठीकडं जातात, गाठ जागी होते अन् बाकीच्या पेशी तयार करते. आता वाटच बिघडलेली, पाणी तुंबलेलं, मग जंतूंचं फावतं.

८ महिने झाले, रोज धुणं, झोपताना पायाखाली उशी, घोट्याचा व्यायाम. ताप एकदाही नाही. सूज पूर्ण गेली नाही, जाणारही नाही असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण आई परवा शेतात चालत गेली.

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं तर रात्रीच जावं लागतं, कारण जंताची पिल्लं रक्तात रात्री १० ते २ च्या सुमारास जास्त येतात. परत यायला गाडी मिळत नाही, सोय करूनच जा. टब, मग, टॉवेल, मलमाचं किट फुकट आहे, पण आमच्या वेळी संपलेलं, तीन हेलपाटे झाले. म्हणून ५ पैकी ४ स्टार. अन् घरोघरी हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आले की धडधाकट असलात तरी त्यांच्यासमोरच गिळा, खिशात ठेवू नका.