पवईचं सैफ: पोस्टडॉकच्या अर्जाआधी नमुना इथे दाखवाच

आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांचं केंद्र) ३०० किलोव्होल्टचा टीईएम, म्हणजे नमुन्यातून इलेक्ट्रॉन आरपार पाठवून अणूंच्या रेषाही दाखवणारा सूक्ष्मदर्शक, आहे आणि पैसे भरून बाहेरच्या कॉलेज-विद्यापीठांनाही तो वापरता येतो. नॅनोमटेरियल्समध्ये पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, शोधत असाल तर अर्ज करण्याआधी आपला नमुना इथे तपासून घ्या, असं मी अगदी मनापासून सांगेन.

माझं काम सोन्याच्या नॅनोकणांवर, कलिन्याला. एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्याच्या पद्धतीच्या) आलेखातल्या शिखराची रुंदी घेऊन, तिच्यावरून स्फटिकाचा आकार सांगणारं शेररचं सूत्र लावलं की उत्तर ९ नॅनोमीटरच्या आसपास यायचं. टीईएमखाली तेच कण १५-१६ नॅनोमीटरचे निघाले. आणि दोन्ही आकडे खरे आहेत! सोन्याचा कण पुष्कळदा एकसंध स्फटिक नसतो. संत्र्याच्या फोडींसारखे पाच तुकडे एका अक्षाभोवती जुळलेले असतात. एक्सआरडी फोडीचं माप देतं, टीईएम अख्ख्या संत्र्याचं. ०.२३५ नॅनोमीटर अंतरावरच्या अणूंच्या रेषा एकाच कणात मध्येच वळलेल्या पडद्यावर पाहिल्या, तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली.

याआधी एका खासगी लॅबकडून काम करून घेतलं होतं. त्यांनी पीडीएफमध्ये चार देखणे फोटो पाठवले, मूळ फाइल्स नाहीतच. चार निवडक फोटोंवरून कणांच्या आकाराचं वितरण कसं काढणार? म्हणून सांगते, शक्य असेल तर स्वतः जाऊन ऑपरेटरशेजारी बसा. ग्रिडच्या (ज्यावर नमुना ठेवतात त्या बारीक जाळीच्या) वेगवेगळ्या चौकटींमधले, कमी मॅग्निफिकेशनचे फोटोही मागा आणि मूळ फाइल्स घेऊनच निघा. पुढे इमेजजे या फोटोंवर मोजमाप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये निदान दोनशे कण तरी मोजा.

तयारी मात्र आपलीच. ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या ग्रिडवर एक पातळ थेंब, बस्स. सेंट्रिफ्यूजमध्ये कण नीट धुतले नसतील तर उरलेल्या सर्फॅक्टंटमुळे (साबणासारख्या रसायनामुळे) इलेक्ट्रॉन झोताखाली कार्बनचा थर चढत जातो आणि रेषा दिसेनाशा होतात. पावसाळ्यात तर ग्रिड रात्रभर डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवाच, मुंबईच्या हवेत नुसतं झाकून भागत नाही.

एएनआरएफ या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी संस्थेची एनपीडीएफ ही पोस्टडॉक फेलोशिप दोनच वर्षांची असते. पहिले काही महिने आकाराच्या वादात घालवणं परवडत नाही. ज्यांच्याकडे काम करायचंय त्या मेंटॉरला पहिल्या मेलमध्ये नुसती सरासरी पाठवू नका; हिस्टोग्राम, मोजलेल्या कणांची संख्या आणि एक्सआरडीचा आकडा एकत्र पाठवा. मी ज्यांना लिहिलं, त्यांचं उत्तर थेट त्या वळलेल्या रेषांवरच आलं: असे जुळे स्फटिक उत्प्रेरक म्हणून एकसंध कणांपेक्षा वेगळे वागतात का, यावरच प्रस्ताव लिहाल का? सध्या तोच लिहितेय.