नाशिकच्या गंगापूर रोडवरचं स्किन क्लिनिक: ट्यूब लिहायच्या आधी जीभ बघितली (४ स्टार)

सासूबाईंच्या हाताची बोटं काळी पडायला लागली ती गेल्या दिवाळीच्या आसपास. सगळा हात नाही, फक्त बोटांच्या सांध्यांवर आणि नखांच्या मुळाशी, जणू कोणी काजळी चोळलीये असं. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) म्हणायच्या भांडी घासून झालं असेल, नवरा म्हणाला उन्हानं, मी आपली लिंबू आणि बेसन लावून देत होते. मग ओठांचे दोन्ही कोपरे चिरले, जांभई दिली तरी रक्त यायचं, आणि जेवताना "तोंड आलंय गं, तिखट नको" हे रोजचंच झालं. पायाला मुंग्या येतात हे तर त्या वर्षभर सांगत होत्या पण ते आम्ही शुगरच्या खात्यावर टाकलेलं. ह्या तीन-चार गोष्टी एकाच कारणाच्या आहेत हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही, आणि त्यात आमचे चार महिने गेले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

क्लिनिकला जायच्या आधी काय झालं ते पण सांगायला हवं. पहिल्यांदा घराजवळच्या एका मेडिकलवाल्यानं हात बघून एक ट्यूब दिली, बुरशी, खाज, डाग सगळ्यावर चालते म्हणाला. दोन-तीन दिवस बरं वाटलं, म्हणून मग आई तीच ट्यूब ओठांच्या कोपऱ्यांना पण लावायला लागल्या. दोन आठवड्यांनी तिथली कातडी पातळ होऊन लाल झाली, आग व्हायची, आणि कोपऱ्यात पांढरट थर दिसायला लागला. नंतर कळलं की त्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिकच्या जोडीला क्लोबेटासोल होतं, म्हणजे जोरदार स्टेरॉईड, जे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून एका स्किन आणि हेअर सेंटरमध्ये नेलं. तिथल्या मुलीनं दोन मिनिटं हात बघितले आणि हातांच्या पीलचं (औषध लावून वरची कातडी सोलवायची) सहा सीटिंगचं पॅकेज लिहून दिलं, अठरा हजार रुपये. सत्तर वर्षांच्या बाईला. आई काय खातात, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एक प्रश्न नाही. मला खूप राग आला होता, अजूनही येतो.

तर हे गंगापूर रोडचं क्लिनिक आम्हाला नणंदेनं सुचवलं. आम्ही सिडकोतनं रिक्षा करून गेलो, संध्याकाळी साडेसहाची वेळ होती आणि नंबर लागला आठ वीसला. वेटिंगचं पुढे लिहितेच.

डॉक्टर मॅडमनी हात बघायच्या आधी म्हटलं, "आजी, जीभ बाहेर काढा बरं." मी चकितच झाले कारण आम्ही तर हात दाखवायला गेलेलो. आईंची जीभ लालबुंद आणि गुळगुळीत झाली होती, जिभेवर जो बारीक खरखरीतपणा असतो तो गेलेलाच, आणि घरात आमच्यापैकी कोणी एकदाही ती नीट बघितली नव्हती. मग खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, तळवे आणि तळपाय बघितले, ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्यावर ठेवला आणि थरथर जाणवतेय का विचारलं. आईंना डाव्या पायाला काहीच कळत नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले. अंडं-मासे खाता का? नाही, माळ आहे. दूध किती? चहापुरतं. दही? संध्याकाळचं बाधतं म्हणून नाही, दुपारी कधीतरी वाटीभर ताक. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, सगळे उपास. शुगरची गोळी कुठली? मेटफॉर्मिन, अकरा वर्षं झाली. ॲसिडिटीची? ती पण रोज सकाळी उपाशीपोटी, चार-पाच वर्षं तरी झाली असतील, कोणी बंद कर म्हटलंच नाही म्हणून चालूच.

एवढं ऐकून मॅडम म्हणाल्या की मला बी १२ जीवनसत्त्व कमी असल्याची शंका आहे, पण सांधे काळे पडायची दुसरीही कारणं असतात म्हणून रिपोर्टशिवाय काही ठरवायचं नाही. काळ्या डागांवर ट्यूब एकही लिहिली नाही, उलट चालू होती ती बंद करायला लावली आणि कोपऱ्यातल्या बुरशीपुरतं आठवड्याचं साधं मलम दिलं. रक्ताच्या टेस्ट लिहिल्या आणि स्पष्ट सांगितलं की आमच्या खालच्या लॅबमध्येच करा असं काही नाही, जिथे परवडेल तिथे करा. आम्ही सिडकोतच केल्या.

रिपोर्ट आला तर बी १२ फक्त ९६. दोनशेच्या खाली म्हणजे कमी धरतात. हिमोग्लोबिन ९.८ आणि लाल पेशींचा आकार, ते एमसीव्ही असतं ना, ते ११२, म्हणजे पेशी संख्येनं कमी आणि आकारानं मोठ्या झालेल्या. दुसऱ्या भेटीत मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं की बी १२ झाडपाल्यात नसतंच, ते बॅक्टेरिया तयार करतात आणि आपल्याला मिळतं ते दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मटण ह्यातनं. दिवसाला लागतं फक्त दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम आणि ग्लासभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे चहातल्या दोन चमच्यांनी काय होणार. त्यात मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की आतड्यातनं बी १२ नीट शोषलं जात नाही, आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांनी पोटातलं ॲसिड कमी झालं की अन्नातलं बी १२ सुटं होत नाही. आईंचं तिन्ही बाजूंनी होत होतं. मी विचारलं पालक, स्पिरुलिना, आंबवलेलं इडली-डोशाचं पीठ चालतं का, कारण फोनवर सारखं तेच येतं. पालकात बी १२ नाही, इडलीवर भरवसा ठेवता येत नाही, आणि स्पिरुलिनात जे असतं ते बी १२ सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारं असतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. मेटफॉर्मिन मात्र मनानं बंद करायची नाही हे दोनदा बजावलं, शुगरच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली, आणि ॲसिडिटीची गोळी खरंच लागते का हेही त्यांनाच विचारायला लावलं.

अजून एक गोष्ट जी मला आधी माहीत नव्हती आणि सगळ्यांना माहीत असायला हवी. आम्ही मधे रक्तवाढीची म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी मेडिकलमधनं आणून देत होतो. नुसतं फॉलिक दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसू शकतो, पण बी १२ ची कमतरता तशीच राहते आणि आतल्या आत नसा खराब होत राहतात. मुंग्या हे त्याचंच लक्षण होतं. त्या मुंग्यांना आम्ही वर्षभर "शुगर आहे ना, होणारच" म्हणत होतो ह्याचं मला फार वाईट वाटतं.

इंजेक्शनं सुरू झाली, पहिली दोन क्लिनिकमध्ये आणि बाकीची मॅडमनीच सांगितलं की रोज एवढ्या लांब येऊ नका, उत्तमनगरच्या तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. कोणाला किती आणि कसं द्यायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणून आमचा कोर्स इथे लिहीत नाही, तसाच घ्यायला जाऊ नका. जिभेची आग दहा-बारा दिवसांत कमी झाली, कोपरे तीन आठवड्यांत भरले. बोटांचा काळपटपणा मात्र हळूहळू गेला, दीड महिना झाला तरी तसाच होता आणि आई नाराज झाल्या होत्या, पण मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं की रंग जायला काही महिने लागतील. आता साडेचार महिने झालेत, नखांजवळ थोडं उरलंय. पायाच्या मुंग्या निम्म्यानं कमी आहेत, पूर्ण जातील की नाही ह्याची खात्री मॅडमनी दिलेली नाही आणि खोटी आशा दाखवली नाही हेही मला आवडलं. मागच्या रविवारी आईंनी आमच्यासोबत बसून मिसळ खाल्ली, तर्री कमी घालून का होईना पण खाल्ली, वर्षभरानंतर.

वेटिंगमध्ये भिंतीवर फोटोंचा एक बोर्ड लावलाय तो नक्की बघा. दोन तास बसून मी तो सगळा वाचला. त्यात गळ्याभोवती माळ घातल्यासारखा काळा-लाल पट्टा आलेल्या माणसाचा फोटो आहे, खाली पेलाग्रा लिहिलंय, म्हणजे बी ३ उर्फ नायसिनची कमतरता. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर येतो, हात, पाय, गळा, आणि सोबत जुलाब आणि विसरभोळेपणा. आईंनी तो फोटो बघून विचारलं आणि मॅडमनी गर्दी असून पाच मिनिटं दिली. मका हेच मुख्य अन्न होतं तिथे हा आजार पसरलेला, स्पेनमध्ये कासाल नावाच्या डॉक्टरनं १७३५ मध्ये त्याची नोंद केली म्हणून त्या पट्ट्याला कासालचा हार म्हणतात. आणि आपल्याकडे दख्खनमध्ये मका नसताना नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांत तो दिसायचा, त्यावर हैदराबादच्या डॉ. गोपालन ह्यांनी १९६० च्या सुमाराला मांडलं की ज्वारीत ल्युसीन (प्रथिनातला एक घटक) जास्त असतं त्याचा ह्याच्याशी संबंध आहे. हे ऐकून आई घाबरल्याच, कारण त्यांचं दोन्ही वेळचं जेवण ज्वारीची भाकरी. मॅडम हसून म्हणाल्या, "आजी, भाकरी सोडायची नाही, भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, दही हे पाहिजे, नुसती मिरचीला लावून खायची नाही." हल्ली हा आजार जास्त करून दारू पिणाऱ्यांत दिसतो आणि टीबीच्या आयसोनियाझिड गोळीमुळे पण होऊ शकतो, आणि त्याच गोळीनं नसांना त्रास होऊ नये म्हणून टीबीच्या औषधांबरोबर बऱ्याचदा बी ६ ची गोळी जोडून देतात, ती टाळायची नाही, हेही तिथेच कळलं.

त्याच भेटीत मी आमच्या पोराची कोपरं दाखवली. नऊ वर्षांचा आहे, कोपरांवर आणि गुडघ्यांवर बारीक टोकदार पुटकुळ्या, हात फिरवला तर किसणीसारखं लागतं. मला वाटायचं नीट अंग घासत नाही म्हणून, आणि मी त्याला वजरीनं घासायचे, बिचारा रडायचा. मॅडमनी ते बंद करायला सांगितलं. ह्याला फ्रायनोडर्मा म्हणतात, बेडकाच्या पाठीसारखी कातडी, आणि अ जीवनसत्त्व, बी कॉम्प्लेक्स आणि तेलातले चांगले घटक कमी पडले की होतं. पोरगा दूध-बिस्किट आणि नूडल्सवर आहे, आणि आईंच्या शुगरमुळे मी घरात सगळ्यांनाच बिनतेलाचं करायला लागले होते, पोराला पण. मॅडम म्हणाल्या वाढत्या मुलाचं तेल तोडू नका, करडईचं तेल आणा, जवसाची चटणी, शेंगदाणे, गाजर, पपई, शेवग्याचा पाला द्या, आणि सोबत एक औषध दिलं. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, आता मी आधी शेवग्याचा पाला शोधते. त्याची गुडघ्यावरची कातडी दोन महिन्यांत बरीच मऊ झालीये.

मी स्वतः केसांसाठी बायोटिनच्या (बी गटातलं एक जीवनसत्त्व) गमीज खात होते, महिन्याला हजार रुपये. माझं खाणं ऐकून मॅडम म्हणाल्या की तुम्हाला बायोटिन कमी पडण्याचं काही कारण दिसत नाही, आधी आयर्न आणि थायरॉईड बघू, पण गमीज दोन-तीन दिवस बंद करून मगच रक्त द्या, कारण बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. माझं आयर्न कमी निघालं. जेवणावर लगेच चहा बंद आणि जेवणात लिंबू किंवा आवळा, एवढा बदल आणि गोळ्या, हजार रुपये वाचले.

आता तक्रारी. अपॉइंटमेंटचा फोन उचलत नाहीत, मी एका दिवशी सहा वेळा लावला. वेळ घेऊन गेलं तरी दीड-दोन तास धरूनच चला. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, जिन्याला एका बाजूनं कठडा पण नाही, आईंच्या पायात मुंग्या असताना त्यांना वर न्यायला दोघं लागायचे. ह्यासाठीच एक स्टार कापलाय, म्हाताऱ्या पेशंटना खाली बघायची काहीतरी सोय करा ही मनापासून विनंती. गाडी लावायला जागा नाही, रिक्षा बरी. काउंटरवरच्या मुली कामाला चांगल्या आहेत पण गर्दीत वैतागतात. फी पहिल्यांदा ६००, महिन्याच्या आत परत गेलं तर घेत नाहीत. क्रीम, सीरम विकायचा आग्रह एकदाही झाला नाही.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि आधी लावलेल्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, चिठ्ठी नसली तरी चालतं, मॅडम पाकिटावरची नावं स्वतः वाचतात. नखांना नेलपेंट आणि हाताला मेंदी असेल तर काढून जा, आमच्या पुढच्या बाईंना त्यामुळे परत यावं लागलं. संध्याकाळपेक्षा सकाळी अकराच्या आत गेलात तर गर्दी कमी असते.