जर्मन लावू की जपानी? बेकारीचे आकडे बघून ठरवताना

माझा भाचा आयटीआय फिटर. चाकणला ठेकेदारामार्फत लागलाय, दर सात महिन्यांनी ब्रेक, म्हणून परदेशी कामाला जायचं म्हणतोय. परवा म्हणाला, "मामा, जपानमध्ये बेकारी अडीच टक्के, जर्मनीत सहा. मग जर्मनचा क्लास कशाला लावू?"

आकडे बरोबर, पण ते शेजारी ठेवायचे नाहीत. जर्मनीचे सहा टक्के म्हणजे रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेले. आठवड्याला १५ तासांहून कमी काम असलेलाही त्यात बेकार धरतात. जपानचा आकडा आंतरराष्ट्रीय पद्धतीचा: हाताला काम अजिबात नाही आणि शोध चालू आहे. त्याच मापाने जर्मनी साडेतीन ते चारच्या दरम्यान येते. दोन्हीकडे पुरुषांचा दर बायकांपेक्षा किंचित जास्त.

माझं म्हणणं, दरापेक्षा ऑर्डरी आटल्यावर तिथे आधी कोणाचं काम जातं ते बघावं. २००९ साली दोन्ही देशांची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली होती. दोघंही गाड्या आणि यंत्रं विकून जगणारे, मार सारखाच. जर्मनीत कारखान्यांनी माणसं ठेवली आणि तास कापले. याला 'कुर्झआर्बाइट' म्हणतात. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के भरपाई रोजगार विम्यातून मिळते. त्या वर्षी ऐन मंदीत सुमारे १४ लाख कामगार या योजनेत होते आणि बेकारी जेमतेम वाढली.

जपानमध्ये कायम कामगार सहसा वाचला, 'हाकेन' गेला. हाकेन म्हणजे आपल्याकडचा ठेकेदाराचा माणूस. कारखान्यांत हाकेन ठेवायला २००४ मध्ये मुभा मिळाली आणि चारच वर्षांत त्यांना काढायची वेळ आली. नोकरीबरोबर कंपनीची खोलीही गेली. २००८ च्या ३१ डिसेंबरला टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये अशा लोकांसाठी तंबू ठोकले, गरम जेवण सुरू केलं. चार-पाच दिवसांत सुमारे ५०० माणसं जमली. तंबू पुरेनात, तेव्हा समोरच्या कामगार मंत्रालयाला आपलं सभागृह झोपायला उघडावं लागलं. जपानी वंशाच्या ब्राझिलियन कामगारांना तर सरकारने मायदेशी परतायला माणशी ३ लाख येन दिले, आणि त्याच व्हिसावर लगेच परत यायचं नाही अशी अट घातली. परदेशी कामगार म्हणून निघणाऱ्या पोराने ही गोष्ट विसरू नये.

आजचा जपान पुष्कळ बदललाय, हेही खरं. माणसंच कमी पडतायत. २०१९ पासूनच्या 'विशिष्ट कौशल्य' व्हिसावर बहुतेक क्षेत्रांत कंपनी थेट नेमते, त्याच क्षेत्रात नोकरी बदलता येते, जपानी भाषेची एन४ ही प्राथमिक पातळी चालते. जर्मनीत शिकाऊ प्रशिक्षणासाठी साधारण बी१, म्हणजे जर्मनची मधली पातळी लागते, मेहनत जास्त. पण जपानच्या पहिल्या टप्प्याची मुदत पाच वर्षांची आणि त्यात बायको-मुलांना नेता येत नाही.

अमेरिकेचं थोडक्यात. २०१० मध्ये पुरुषांची बेकारी १०.५ टक्के, बायकांची ८.६. माणूस पटकन काढतात, पुढे पटकन घेतातही. पण १९५० च्या दशकात २५ ते ५४ वयाचे सुमारे ९७ टक्के पुरुष कामात किंवा कामाच्या शोधात होते, आता ८९ च्या आसपास. शोध सोडलेला माणूस बेकारीच्या दरात दिसतच नाही. शिवाय आयटीआयवाल्याला तिथे सरळ वाट जवळपास नाही.

जर्मनीही सध्या सुस्थितीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदलेले बेकार दहा वर्षांत पहिल्यांदा ३० लाखांवर गेले आणि मोटार उद्योगात कपात चालू आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ते राज्यही मोटारींचंच. म्हणून भाच्याला सांगितलं: जर्मनच लाव, पण गाड्यांच्या कारखान्यावर डोळा ठेवू नकोस. हीटिंग-प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलमध्ये तिथे माणूस मिळत नाही, फिटरचा हात तिकडे वळव. लग्नाचा विचार लांब असता आणि घरून लवकर निघायची घाई असती, तर जपानीला मी नाही म्हटलं नसतं.

आणि एजंटकडे जाशील तेव्हा पगार किती हे नंतर विचार. आधी विचार, करार कंपनीच्या नावाने की मधल्या ठेकेदाराच्या, खोली कोणाच्या नावावर, आणि बेकारी विमा कधीपासून कापणार. जर्मनीत ३० महिन्यांत १२ महिने तो भरलेला असेल तरच बेकारी भत्ता मिळतो. आणि २००९ मध्ये ठेक्यावरची माणसं तिथेही पहिली गेली होती.