रामकुंडावरची नामावळी: कुळाची वही किती सांगते?

गेल्या मार्गशीर्षात वडिलांच्या अस्थी रामकुंडात विसर्जित केल्या आणि त्याच दिवशी आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळी, म्हणजे यात्रेला आलेल्या कुळांच्या नोंदींची त्यांची वही, पाहायला गेलो. नाशकात राहून सतरा वर्षे झाली, पण ही पायरी आजवर चढलो नव्हतो. यजमान म्हणून मला काय मिळाले आणि समाजांचा तुलनात्मक इतिहास शिकवणारा शिक्षक म्हणून काय दिसले, ते दोन्ही येथे लिहितो.

मूळ गाव, आडनाव आणि जात सांगितली की आपले कूळ कोणत्या उपाध्यायांकडे आहे, हे पंचवटीत विचारत विचारत कळते. लाल कापडात बांधलेली लांबट वही उघडून बार्शी तालुक्यातले आमचे गाव शोधायला वीसेक मिनिटे लागली. आजोबांची बाळबोध सही लगेच ओळखू आली. त्यामागच्या पानावर त्यांच्या आजोबांची मोडीतली नोंद होती: सिंहस्थाकरिता आले, बरोबर दोन भाऊ, एक चुलता, ‘सोबत कुटुंब’, आणि सहीच्या जागी नांगराची निशाणी. त्या निशाणीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. तिथे आडनाव नव्हते. फक्त बापाचे नाव आणि गाव होते. आडनाव प्रथम आजोबांच्या नोंदीत येते.

इंग्लंडमध्ये १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी सुरू झाल्या. स्वीडनमध्ये १६८६च्या चर्च कायद्यानंतर पाद्री घरोघरच्या माणसांची यादी ठेवू लागले. या दोन्ही ठिकाणी माणूस राहतो तिथे त्याची नोंद होते; आपल्याकडे तो यात्रेला जातो तिथे होते. दोन यात्रांच्या मधल्या काळात जन्मून दगावलेले मूल नामावळीत येतच नाही. त्यामुळे नामावळीवरून लोकसंख्या मोजायला गेलो तर फसगत होईल, पण यात्रेचे प्रसंग, भाऊबंदांचे एकत्र राहणे आणि आडनावांचे बदल अभ्यासण्यासाठी इतके जिवंत साधन दुसरे क्वचितच सापडेल.

खरी उणीव मात्र ‘सोबत कुटुंब’ या दोन शब्दांत आहे. कुटुंब म्हणजे बायको; इथे ती पणजोबांची आई. तिचे नाव लिहिलेले नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८च्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत वंशावळी गोळा केल्या, तेव्हा बाप, आई, मूल, नवरा, बायको एवढ्याच मोजक्या शब्दांवर प्रश्न बेतले होते आणि आईकडची माणसे त्यांत बापाकडच्याइतकीच महत्त्वाची होती. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थांची प्रदेशवार तुलना केली, तीत उत्तरेची आणि दक्षिणेची रीत महाराष्ट्रात एकमेकींत मिसळलेली दिसते. मामाची मुलगी करणे हा त्यातला ठळक धागा. माझी आजी आजोबांच्या मामाचीच मुलगी होती. वहीला त्याचा पत्ता नाही, कारण तिचे माहेरच नोंदलेले नाही.

सेवेबद्दल सांगायचे तर वागणूक अगत्याची होती आणि दक्षिणेसाठी आग्रह झाला नाही. वहीला अनुक्रमणिका नाही, कागद कडांना झडू लागला आहे आणि घरातल्या तरुण उपाध्यायांना मोडी वाचता येत नाही. वडीलधारे घरी नसते तर मी रिकाम्या हातानेच परतलो असतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या अनेक वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेने केली आहे. तसे काम येथेही व्हावे, असे मनापासून वाटते. फोटो काढू दिला नाही, पण एकाच पानावर दुसऱ्या घराण्यांचीही नावे असल्याने ते मला योग्य वाटले.

जाणाऱ्यांनी अमावास्येची गर्दी टाळावी, आजोबा-पणजोबांची आणि त्यांच्या भावांची नावे लिहून न्यावीत, आणि वहीतल्या शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो हे ध्यानात ठेवावे.

शेवटी माझी नोंद लिहायची वेळ आली. आईचे, आजीचे आणि पत्नीचे नाव माहेरच्या गावासह लिहायचे आहे, असे म्हणालो. वडील उपाध्याय क्षणभर थांबले, मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, “तेवढा रकाना नाही, समासात लिहा.” तीन ओळी समासात बसल्या.